पंचवीस दिव्यांची पाटी

‘मुलाला कोडिंग शिकवायचंय, लॅपटॉप कोणता घेऊ?’ असं विचारणाऱ्या पालकांच्या हातात मी मायक्रोबिट ठेवतो. पाच बाय चार सेंटिमीटरची पट्टी. तिच्यावर २५ तांबडे दिवे आणि दोन बटणं. हे तर खेळणं, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटतं. खेळणंच आहे ते. बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ साली ब्रिटनमधल्या अकरा-बारा वर्षांच्या सुमारे १० लाख मुलांना ते फुकट वाटलं गेलं. घरातल्या जुन्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून प्रोग्रॅम चढवला की दोन बारीक सेलांवर चालतं.

मूळ विचार बराच जुना. १९६७ साली सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झिग यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार केली. पुढे तिच्या आज्ञा ऐकून जमिनीवर फिरणारं यांत्रिक कासव आलं. पॅपर्ट यांचं म्हणणं, मूल अडलं की त्यालाच कासव होऊ द्या. मी अजून हे वर्गात करून घेतो. समभुज त्रिकोण चाला म्हटलं की बहुतेक मुलं प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंश वळतात आणि त्रिकोणाऐवजी अर्धा षटकोन होतो. मग कुणीतरी पुन्हा चालून पाहतं आणि सांगतं, वळायचं १२०, कारण आपण बाहेरच्या कोनातून वळतो. हा बाह्यकोन त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो. पायांना तो तेव्हा कळतो.

मायक्रोबिटवर पहिली मागणी ठरलेली: माझं नाव दिसू दे. इंग्रजी अक्षरं तयार असतात, देवनागरी नाहीत. मग एकेक दिवा निवडून अक्षर रचायचं. शिरोरेघेतच पाच दिवे जातात, उरतात वीस. त्यात ‘ग’ बसतो, ‘क्ष’वर भांडणं होतात. मला हा तास फार आवडतो. मर्यादेत काम बसवणं हेच तर प्रोग्रॅमरचं काम.

त्यानंतर पावलं मोजायचं यंत्र. पायाला पट्टी बांधायची, हादरा बसला की आकडा एकाने वाढवायचा. पडद्यावर आज्ञांचे ठोकळे म्हणजे ब्लॉक जोडले की चालतं, आणि लगेच बिघडतं: बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्याची शंभर पावलं होतात, हलक्या पायाने चालणाऱ्याची मोजलीच जात नाहीत. आता हादऱ्याचा आकडा स्वतः वाचून मर्यादा ठरवावी लागते. दहा वेळा बदला, दहा वेळा चाला. शिकणं होतं ते इथे. यू-ट्यूबवर बघून ब्लॉक जसेच्या तसे जोडणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. काही आठवड्यांत मुलाकडून ॲप बनवून घेण्याच्या जाहिरातींवर माझा राग आहे तो यासाठीच. तिथे मुलांना चूक करायला वेळच नसतो.

थोडी मोठी मुलं तुळशीच्या कुंडीत दोन खिळे खोचून मातीचा ओलावा मोजतात. सततच्या विजेने खिळे गंजतात, आकडे घसरतात; मग वीज मोजण्यापुरतीच सोडायची, हे त्यांचं त्यांनाच सुचतं.

चाकांच्या रोबोचा महागडा संच पहिल्यांदाच घेऊ नका. एक मायक्रोबिट दोन मुलांत द्या: एकाने सांगायचं, दुसऱ्याने जोडायचं. आणि तोही विकत घेण्याआधी या सुट्टीत, हे ब्लॉक जिथे जोडतात त्या मेककोडच्या संकेतस्थळावर पडद्यावरचा मायक्रोबिट चालवून बघा; त्याला पैसे पडत नाहीत.