आतला ओलावा

भिंत पावसाला अडविते, ही आम्हा वसईकरांची भिंतीविषयीची पहिली आणि बहुधा शेवटची समजूत. कॅनडात आल्यावर मला ती पालटावी लागली. माझ्या वडिलांना तर वयाच्या ७४ व्या वर्षी पालटावी लागली, आणि तीही माझ्या गॅरेजात.

आई २०२२ साली निवर्तली. पुढच्या वर्षी बाबा आमच्याकडे ब्रॅम्प्टनला आले. आयुष्यभर सुतारकाम केलेला माणूस. पानगळ सरली तसे ते खिडकीपाशी बसून राहू लागले, जेवण अर्ध्यावर सोडू लागले. डिसेंबरात एके दिवशी म्हणाले, "अरे, मला घरी पाठव. इथे मी करू काय?" परतीचे तिकीट मे महिन्याचे होते. मधले पाच महिने काढायचे कसे? घराला लागून गॅरेज होते, पण बाहेर उणे १५ अंश असताना तिथे करवत हातात धरवत नसे. त्याच्या भिंतींना ऊब धरणारे अस्तर लावून बाबांना कामाची जागा करून द्यावी, असे मी ठरविले.

बाहेरच्या भिंतींचा सांगाडा उघडाच होता. दर १६ इंचांवर एक उभा दांडा. त्याला इकडे 'दोन-बाय-चार' म्हणतात. बाबांनी टेप लावला, तर तो भरला दीड-बाय-साडेतीन. "आपल्या वखारीत यावरून भांडण झालं असतं," ते म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी हसले. प्लायवूडची शीट ४ बाय ८ फुटांची. मी कागदावर हिशेब मांडण्याआधीच त्यांच्या तोंडून आले, "सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. म्हणजे प्रत्येक सांधा दांड्यावरच येणार."

दांड्यांमधल्या पोकळीत दगडी लोकर भरली. बेसॉल्ट वितळवून तिचे तंतू काढतात; आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ त्याच जातीचा. ती दाबून कोंबायची नसते, कारण ऊब धरते ती तंतूंत अडकलेली हवा. कापायला पावाची दातेरी सुरी उत्तम. (आमच्या स्वयंपाकघरातून ती गेल्याबद्दल जी कुरबुर झाली, ती इथे सांगत नाही.)

पण लोकरीवर, खोलीच्या बाजूने, मी प्लास्टिकचा कागद ताणू लागलो तेव्हा बाबांनी माझा हात धरला. "प्लास्टिक आतून? अरे, पाणी बाहेरून येतं!" दर जूनपूर्वी पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधणारा हा माणूस; त्यांचे म्हणणे त्यांच्या मुलुखात अगदी रास्त होते. इथे मात्र हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडीठाक. ओलावा असतो तो आत: श्वासाचा, स्वयंपाकाचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा. उबदार हवा तो घेऊन फटीतून भिंतीत शिरते, बाहेरच्या गार फळीला टेकताच त्याचे पाणी होते, ते गोठते, आणि वितळल्यावर लाकडाला बुरशी धरते. बाबांनी वाद घातला नाही. ते स्वयंपाकघरात गेले, खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने ओघळणारे थेंब बोटाने पुसून परत आले. "बरं. आपलाच श्वास आपली भिंत कुजवतो म्हण की." मग प्रत्येक जोडावर टेप लावण्याचे काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतले.

घर आणि गॅरेज यांमधल्या भिंतीला आम्ही हात लावला नाही. तिच्यावरचे जिप्समचे तक्ते आग रोखतात, आणि सांधे बुजविलेले असल्यामुळे मोटारीच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात सहजी शिरत नाही. सुबकपणाच्या हौसेने ती भिंत उकरणारे लोक मला तरी समजत नाहीत.

बाकी भिंतींवर अर्ध्या इंची प्लायवूड स्क्रूने बसविले. दोन शीटांमध्ये बाबांनी नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवली, लाकूड फुगते म्हणून. ते त्यांना कुणी शिकवायला नको होते. खाली जमिनीपासून एक इंच मोकळा सोडला, कारण मोटार आत आली की तिच्यावरचा बर्फ वितळून खारट पाणी लादीवर पसरते. प्लायवूडचा मोठा गुण असा, की वाटेल तिथे खिळा मारावा आणि हत्यार टांगावे. एका कोपऱ्यात विजेचा हीटर ठेवला.

फेब्रुवारीपासून बाबा सकाळी न्याहारी करून तिथे जाऊ लागले. जेवायला हाक मारावी लागे, तीही दोनदा. शेजाऱ्यांच्या मोडक्या खुर्च्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. भाषेची अडचण कुणालाच पडली नाही.

मे महिन्यात ते ठरल्याप्रमाणे वसईला निघाले. आदल्या रात्री त्यांनी एक अर्धवट खुर्ची कोपऱ्यात सरकवली, तिच्यावर जुनी चादर घातली आणि मला बजावले, "हिला हात लावू नकोस. ऑक्टोबरात येऊन मीच पुरी करीन."