आबदूग-खियार

१९७९ च्या राज्यक्रांतीनंतर सहस्रावधी इराणी कुटुंबे अमेरिकेतील लॉस एंजेलिस नगरात स्थायिक झाली. घर, अंगण, आप्त मागे राहिले. उन्हाळा मात्र तेथेही आला. त्या दिवसांत इराणी घरांत चूल न पेटविता आबदूग-खियार करतात : पातळ केलेल्या दह्यात चिरलेली काकडी, पुदिना, बेदाणे, अक्रोड, बर्फ आणि वर वाळल्या रोटीचे तुकडे. पुदिना, बर्फ हे शब्द मराठीने फारशीतूनच घेतले, हे ध्यानी येताच तो वाडगा आम्हांस परका वाटेना. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी शिकवितो; ताटातील सोलकढी दोन्हीकडे आपलीच. परदेशी वाढणाऱ्या मुलांच्या ओठी नवी भाषा लवकर बसते, आजीची मागे पडू लागते. तेव्हा पदार्थांची नावेच तिला धरून ठेवतात. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, घरच्या पदार्थास घरच्या नावानेच हाक मारा.