दौंडच्या गच्चीवरची होडी

मैत्रिणींनो, जुनी शिलाई मशीन, जुना पाळणा, जुनं कपाट अशा वस्तू आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी घेतल्या असतील. घेताना काय पाहायचं, हेही आपल्याला चांगलं ठाऊक असतं. पण शिरूरहून दौंडला मी जुनी होडी पाहायला जाईन असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसण्यावारी नेलं असतं. वास्तविक आमचं गाव नदीकाठचं. जुनी माणसं शिरूरला अजून ‘घोडनदी’च म्हणतात. पण नदीशी आमचा संबंध काय, तर पुलावरून पलीकडे जाणं आणि गणपती बोळवणं, इतकाच!

ही सगळी करणी आमच्या धाकट्या भाऊजींची. ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात होते. त्या कॉलेजचा बोट क्लब अगदी नदीकाठी आहे आणि तिथली रेगाटा, म्हणजे मुलांच्या नौकांचा सोहळा, १९२८ सालापासून चालत आलेला. तिथं भाऊजी कयाक वल्हवायला शिकले. शिक्षण संपलं, गणपतीच्या रांजणगावला कारखान्यात नोकरी लागली, तरी पाण्याचं वेड काही गेलं नाही. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. “वहिनी, दौंडला एकांकडे जुनी कयाक आहे. समुद्रात लांबच्या फेरीला नेतात तसली. येता का बघायला?”

मलाच का विचारलं, तेही सांगते. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या पगारातून लावलेली भिशी नुकतीच लागली होती, तीस हजार रुपयांची. फ्रिज घ्यायचं घरात ठरलंही होतं. भाऊजींच्या नोकरीला वर्षही झालं नव्हतं. आणि सासूबाईंपुढे हा विषय काढायची सोयच नव्हती.

सासूबाईंचं माहेर भीमाकाठचं. त्यांचा पाठचा भाऊ ऐन विशीत नदीत गेला. वाळू उपसून पडलेल्या खड्ड्यात. वरून पाणी गुडघाभर दिसत होतं म्हणतात. तेव्हापासून सासूबाई पुलावरून जाताना एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत नाहीत. त्यात २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. ती बातमी त्यांनी दूरदर्शन संचासमोर बसून ऐकली आणि उठून देवापाशी गेल्या. होडीचं कानावर आलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “ज्यानं नदी पाह्यली नाही त्यानं बोलावं. मी पाह्यलीय.” यावर काय बोलणार?

तरी मी गेले. ‘नुसती बघून येऊ’ असं ह्यांना सांगून गेले. नुसतं बघायला म्हणून आपण साड्यांच्या दुकानात जातो ना, तसंच!

शिरूरहून न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस करत दौंडला गेलो. न्हावऱ्याच्या पुढे घोडकाठी इनामगाव आहे. बी.ए.ला इतिहास होता, म्हणून मला त्याचं अगत्य. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथं उत्खनन केलं. तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, चुली, कणग्या निघाल्या. तिथल्या एका दफनात चार पायांच्या रांजणात बसवलेला माणूस सापडला. त्याच्यासोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली होती. म्हणजे आमच्या घोडेवर नाव चालते हे आमच्या पूर्वजांना ठाऊक होतं, आम्हीच विसरलो. भाऊजी म्हणाले, “हे आईला सांगा.” मी म्हटलं, “दफनातलं भांडं आहे, भाऊजी. तेवढं नको.”

पारगावच्या पुलावर गाडी थांबवून भीमा पाहिली. पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ हिला मिळते. पुण्याचं सांडपाणी आणि जलपर्णीही तीच घेऊन येते. पुढे दौंड, मग उजनीचा फुगवटा, भिगवणचे रोहित पक्षी, पाणी उतरलं की वर येणारं पळसदेवचं जुनं देऊळ आणि शेवटी पंढरपूर. भाऊजींना जायचं होतं ते भिगवणच्या बाजूला, हिवाळ्यात पक्षी बघत.

आता कयाक म्हणजे काय, ते सांगायला हवं. एका माणसाची, दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली होडी. मधल्या भोकात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही बाजूंना पातं असलेल्या एकाच वल्ह्यानं डावं-उजवं पाणी मारायचं. समुद्रातली असेल तर चौदा ते अठरा फूट लांब आणि रुंदीला जेमतेम दोन फूट. पुढे-मागे आडभिंती घालून बंद कप्पे केलेले असतात. त्यांत सामान राहतं, आणि मुख्य म्हणजे होडी उलटली तरी त्या कप्प्यांतली हवा तिला तरंगती ठेवते. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या नाहीतर हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून करत. सांगाडा पुरुष करत आणि कातडं शिवत बायका! टाका असा, की पाण्याचा थेंब आत येऊ नये. होडीही ज्याची त्याच्या अंगाच्या मापानं बेतलेली. हे वाचल्यावर मला त्या होडीविषयी एकदम आपलेपणा वाटायला लागला.

दौंडचे गृहस्थ वयस्कर, बोलायला गोड. मुलानं गोव्याहून आणलेली कयाक. मुलगा परदेशी गेला आणि ही चार उन्हाळे गच्चीवर पालथी पडलेली. सोळा फुटी, नारिंगी, अशी चकचकीत की बघत राहावं. किंमत चाळीस हजार. भाऊजी तर पाघळलेच. मी पदराचं टोक ओलं करून तळ जोरात पुसला. आधी तेल निघालं, बाजारात वांग्यांना चोळतात तसं, आणि तेलाखालून पांढरी भुकटी. ही होडी जाड प्लॅस्टिकची. छपरावरच्या पाण्याच्या टाक्या साच्यात फिरवून करतात तशीच केलेली. उन्हात राहिली की टाकीसारखीच विटते आणि पुढे तडकते. नुसती वरची भुकटी असली तर फारसं बिघडत नाही. अंगठ्यानं दाबून बघायचं. लवचिक दबून परत वर आलं तर जीव आहे. बसायच्या जागेभोवती आणि झाकणांच्या कडांना केसासारख्या भेगा दिसल्या, की नमस्कार करून परत फिरायचं. सुदैवानं तशा नव्हत्या. तळाला ओरखडे मात्र पुष्कळ. त्यांची भीती नाही. नख अडकून बसेल असा खोल चरा वाईट. मागचं टोक वाळूवरून ओढून ओढून झिजतं, ते वेगळं पाहावं. सुकाणूची तार खाऱ्या पाण्यानं गंजली होती आणि मागच्या कप्प्याचं रबरी झाकण जुन्या कुकरच्या रिंगेसारखं चिरलेलं.

मग मी दोन बादल्या पाणी मागितलं. गृहस्थ हसले, “बाई, होडी पाण्यात घालायची असते. होडीत पाणी नाही घालायचं!” पण जुना हंडा आपण कसा पारखतो? मागच्या कप्प्यात पाणी ओतून आम्ही गप्पा मारत बसलो. दहा मिनिटांत आडभिंतीच्या कडेनं पाणी बसायच्या जागेत झिरपायला लागलं. गृहस्थांचं हसू ओसरलं. म्हणजे ज्या कप्प्यानं तरंगत ठेवायचं तोच फुटका! घरी बसून नुसता फोटो बघून घेतली असती तर हे कळलं असतं का? दुरुस्ती अवघड नसते. जुना डिंक खरवडून नवं सीलंट भरायचं, पण ते आधी कळायला हवं.

भाऊजींनी आत बसून पाहिलं. कंबर घट्ट पण आवळलेली नको, गुडघे वरच्या पाठीला टेकायला हवेत, पाय अडणीला पोचायला हवेत. मग मला बसवलं. बसले खरी, पण उठताना दोघांनी ओढून काढावं लागलं. ते असो! दोघांनी उचलून वजन पाहिलं. अशी होडी पंचवीस-तीस किलोंची असते, एकट्या माणसाला झेपते पण घाम काढते.

चहा झाला आणि मी विचारलं, “जाकीट कुठंय?” जीवरक्षक जाकीट होतं, पण पट्टा तुटलेला आणि आतला फेस भुगा झालेला. मी ते बाजूला ठेवलं. नवं जाकीट, झाकण, तार, सीलंट सगळं वजा करत करत सव्वीस हजारांवर आले. तेही पाण्यात उतरवून पाहिल्यावर देणार, या बोलीवर.

उतरवली ती नात्यातल्या एकांच्या शेताजवळ, मोटारीसाठी काठ बांधून घेतलाय तिथं. शेततळं जवळ होतं, पण शेततळ्यात कधी जाऊ नका आणि मुलांनाही सोडू नका. आतला कागद शेवाळतो, पाय ठरत नाही, काठ हाताला लागत नाही. नदीतसुद्धा आधी बांबूनं तळ चाचपला. धरणाच्या पाण्यावर जायचं तर जलसंपदा खात्याकडे विचारून घ्यावं लागतं, ती चौकशी भाऊजींनी केली. भाऊजी काठाकाठानं पन्नास पावलं गेले आणि वळून आले. आवाज म्हणाल तर वल्ह्याचं पाणी ठिबकतं तेवढाच. मी काठावर चपला हातात घेऊन उभी होते. कशाला ते आता सांगता येत नाही.

पिकअपमध्ये खाली गोधड्या घालून, रुंद पट्ट्यांनी बांधून, मागं निघालेल्या टोकाला लाल फडकं लावून होडी शिरूरला आणली. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, जेवल्याही नाहीत. चार दिवस घरात तो विषय निघाला नाही. पाचव्या दिवशी त्यांनी भाऊजींना विचारलं, “जाकिटं किती?”

“एक आणतोय.”

“दोन आण. ही काठावर उभी राह्यची नाही, मी हिला ओळखते.”

फ्रिज पुढच्या भिशीवर गेला. दोन्ही जाकिटं आली, आडभिंत भरून झाली, पण अजून भिगवणला जाणं झालेलं नाही. होडी गोठ्यात आहे. तिला जमिनीवर ठेवलं तर तळ बसतो, दोरीनं टांगली तर दोरी रुतते. रुंद पट्ट्यांच्या झोळीत आडवी टांगावी लागते, ऊन लागणार नाही अशी. तसे पट्टे इथं मिळेनात. मग सासूबाईंनी पेटीतली दोन जुनी नऊवारी लुगडी काढून दिली. इरकली, चांगली घट्ट विणीची.