अकरा आणि नऊ

अमेरिकेतील मिनेसोटाच्या 'हुस्कर डू' ह्या रॉक वाद्यवृंदाची अखेरची जोडतबकडी, 'वेअरहाऊस: साँग्ज अँड स्टोरीज', १९८७ साली निघाली. तीत २० गीते. ११ बॉब मोल्डची, ९ ग्रँट हार्टची, बहुधा आळीपाळीने. ऐकताना दोन भाऊ एकाच पंगतीत, परंतु एकमेकांकडे न पाहता जेवत असल्याचा भास आम्हांस होतो. तिसरे ग्रेग नॉर्टन. त्यांचे एकही गीत नाही. आमची माया त्यांच्यावर अधिक.

वर्ष उलटताच वाद्यवृंद मोडला. त्यात मादक द्रव्यांचाही वाटा होता. मत्सर हे पातक खरेच. तथापि ह्या चुरशीने गीते खालावली नाहीत, हे कबूल करणे आम्हां उपदेशकांस जड जाते. पौल व बर्णबा ह्यांचा मार्कवरून तीव्र वाद होऊन ते विभक्त झाले, हे संत लूकनेही लपविलेले नाही.

हार्ट २०१७ साली निवर्तले. तबकडीवरील शेवटचे गीत त्यांचे आहे.