आधी हंडा, मग चौकशी

आमच्या पिढीत नोकरीची मुलाखत म्हणजे दहा मिनिटांचा मामला होता. वडिलांचे नाव, गावाचे नाव आणि 'महाराष्ट्रात जिल्हे किती?' यापलीकडे साहेब जात नसे आणि आपणही जात नसू. पण आमचा पुतण्या शहापुरात सध्या ज्या मुलाखतीची तयारी करतो आहे, तेवढ्या अभ्यासात पूर्वी माणूस मामलेदार झाला असता.

नोकरीचे नाव साइट रिलायबिलिटी इंजिनिअर. 'साइट' म्हटल्यावर वहिनींना वाटले, पोरगा रस्त्याच्या कामावर मुकादम होणार. प्रत्यक्षात काम असे, की बड्या कंपन्यांची हजारो यंत्रे अहोरात्र चालू ठेवायची आणि बंद पडली तर रात्री दोनला उठून चालू करायची. गूगलमध्ये हे खाते २००३ साली निघाले. २०१६ साली त्यांनी त्यावर जाडजूड पुस्तकही काढले. आमच्या चिरंजीवांनी ते आसनगाव-ठाणे लोकलमध्ये उभ्याने वाचून संपवले.

त्यात एक गणित आहे. सेवा ९९.९९ टक्के चालू ठेवायची म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात ती फक्त ४ मिनिटे १९ सेकंद बंद राहू शकते. या सवलतीला 'एरर बजेट' म्हणतात. एकदा आमच्याकडे चार तास लाइट नव्हती. पुतण्याने घामाघूम होऊन हिशेब केला, "काका, साडेचार वर्षांचं बजेट एका दुपारी उडालं!"

म्हणून त्याने मुरबाडला माझ्या बहिणीकडे, म्हणजे त्याच्या आत्याकडे, दुसरे बिऱ्हाड थाटले. तत्त्व असे, की दोन्ही गावची लाइट एकदम जात नाही. तत्त्व उत्तम, पण मुरबाडला रेल्वे नाही, आणि लाइट गेली की एसटी नुकतीच गेलेली असते. सगळे ज्या एका दुव्यावर अडते, त्याला त्यांच्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. आमच्यात शेवटची गाडी म्हणतात.

तिथे त्याचे पाठांतर ऐकून अक्का हबकली. लिनक्स नावाच्या प्रकारात म्हणे पोर मेले तरी आईबापाने दखल घेईपर्यंत त्याचे नाव यादीत राहते. त्याला 'झोंबी' म्हणतात. अक्का म्हणाली, "अरे, मग रेशनकार्डावरची नावं काय वेगळी आहेत?" पुतण्याने हे वहीत लिहून घेतले.

हसण्यावारी नेतो खरा, पण दोन कंपन्यांनी त्याला आधी परत पाठवले होते. माझ्या भावाची दोन एकर भातशेती. तो बोलत काही नसे. पण फोन वाजला की ताटावरून उठायचा. दोन्हीकडे पोरगा एकाच प्रश्नाला अडला होता, 'सेवा एकदम बंद पडली, काय कराल?' हा बिघाडाचे मूळ शोधत बसला. तोवर गिऱ्हाईक उपाशी!

अक्काला हे कळले तेव्हा ती भाजी निवडत होती. "नळाला पाणी आलं नाही तर मी काय करते? आधी विहिरीवरनं हंडा आणते, डाळ शिजत घालते. मग चौकशीला जाते. आणि पाणी सोडणाऱ्याला शिव्या देत नाही. दिल्या, तर पुढच्या वेळी व्हॉल्व्ह बिघडलेला तो लपवील."

पुतण्याने पुस्तक मिटले. त्यातली दोन मोठी प्रकरणे भाजीबरोबर निवडून झाली होती. आणि नवल कसले? तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले. दोन्ही धरणे आमच्याच शहापूर तालुक्यात. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही आमच्याच तालुक्यात. भरवशाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला हंडा आधीच भरून ठेवावा लागतो.

तिसऱ्या मुलाखतीत तोच प्रश्न आला. पुतण्या म्हणाला, "आधी गिऱ्हाइकांना दुसऱ्या चालू यंत्रांकडे वळवीन, मग कारण शोधीन, आणि शोधताना कुणाला दोष देणार नाही." साहेबाने विचारले, हे कुठे शिकलात? हा म्हणाला, "मुरबाडला." साहेबाने ते गाव नकाशात शोधले म्हणतात.

पुढची फेरी मंगळवारी आहे. लाइटीचे काय, ते मी दैवावर सोडलेले नाही. शेजाऱ्याचा इन्व्हर्टर सांगून ठेवला आहे. भाऊ मात्र काल फोन वाजला तरी ताटावर बसून राहिला, आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला.