खाऱ्या पाण्यातलं गोडं पाणी

व्हेनिस म्हटलं की सान मार्कोचा चौक, रिआल्तोचा पूल आणि गोंडोला. पहिल्या दिवशी मीही हेच बघितलं (गोंडोलाचं भाडं ऐकून ती मात्र काठावरूनच बघितली!). दुसऱ्या दिवशी ठरवलं, आज फक्त विहिरी बघत फिरायचं.

आता म्हणाल, पाण्यात उभ्या असलेल्या गावात विहिरी कशाला? तीच तर गंमत आहे. सगळीकडे पाणी, पण सगळं खारं. व्हेनिसमधल्या चौकाला 'कॅम्पो' म्हणतात, म्हणजे खरं तर शेत किंवा मैदान. 'पियात्सा' हा मान एकट्या सान मार्कोचा. बऱ्याचशा कॅम्पोंमधे कमरेइतका उंच, नक्षीदार दगडी कठडा दिसतो, वर लोखंडी झाकण. आपण त्यावर बॅग टेकवतो आणि पुढे जातो.

पण ही विहीर नव्हेच, हा आहे आख्ख्या चौकाएवढा फिल्टर! आधी कॅम्पो काही मीटर खोल खणायचा. खड्ड्याला चिकणमातीचा जाड थर द्यायचा, म्हणजे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही. मधे विटांचा गोल आड बांधायचा आणि भोवती वाळू भरायची. वर फरसबंदीत दगडी जाळ्या. पावसाचं पाणी जाळ्यांतून खाली जातं, वाळूतून गाळलं जातं आणि मधल्या आडात जमतं. पंप नाही, वीज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात असे सहा हजारांहून जास्त आड होते. पाऊस पुरला नाही तर ब्रेन्ता नदीचं पाणी होड्यांतून आणून त्यांत ओतत. १८८४ मधे मुख्य भूमीवरून नळ आला आणि आडांची नोकरी संपली.

विहिरींच्या मागे लागलं की आपोआप आडबाजूला जाणं होतं. दोर्सोदुरो भागात आंजेलो राफाएले नावाचा शांत कॅम्पो आहे. तिथल्या आडासाठी मार्को आरिअन नावाच्या माणसाने मृत्युपत्रात पैसे ठेवले होते. तो वारला १३४८ साली, प्लेगच्या साथीत. जाताना माणसाने गावासाठी काय ठेवलं, तर पिण्याचं पाणी.

दुसरं टोक कान्नारेजोचं. जगाला 'घेट्टो' हा शब्द ज्या जागेने दिला ती इथेच. १५१६ पासून ज्यूंना इथेच राहायची सक्ती होती, रात्री दरवाजे बंद आणि बाहेर पहारा. ते दरवाजे हटले १७९७ मधे, नेपोलियनच्या सैन्यामुळे. जागा वाढेना म्हणून घरं वर वर चढली. छत इतकं बुटकं की खिडक्यांच्या रांगा एकमेकींवर रचल्यासारख्या वाटतात. मधल्या कॅम्पोत एक सोडून तीन आड. खिडक्या मोजायच्या आणि आड मोजायचे, तिथे किती माणसं कोंबली होती ते कळतं.

आज प्रश्न नेमका उलटा आहे. १९५१ मधे या बेटांवरच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत, २०२२ मधे हा आकडा ५० हजारांच्या खाली गेला. कित्येक घरं आता आम्हा प्रवाशांना दिवसाच्या भाड्याने मिळतात. मी उतरलो ती खोलीही त्यातलीच, कधीकाळी कुणाचं तरी स्वयंपाकघर असावं. खाऱ्या पाण्यात शेकडो वर्षं गोडं पाणी पुरवलं या गावाने, पण ते पिणारी माणसं काही टिकवता येईनात.

म्हणून कधी गेलात तर एक संध्याकाळ सान जाकोमो देल्लोरिओच्या कॅम्पोत काढा. झाडं आहेत, बाकं आहेत. मी गेलो तेव्हा पोरं फुटबॉल खेळत होती, दप्तरं आडाच्या झाकणावर टाकलेली. बॉल एका आजीबाईंच्या पायाशी आला. त्यांनी व्हेनिसच्या बोलीत काहीतरी खरमरीत सुनावलं आणि बॉल परत ढकलला. शब्द एकही कळला नाही, पण सगळं समजलं!