पंच्याहत्तर डॉलरचं निसर्गचित्र

निसर्गचित्र म्हणजे छानसा देखावा, ही समजूत आपल्या मनात पक्की बसली आहे. कलेचा इतिहास शिकवताना ती मोडायला मी विद्यार्थ्यांपुढे जॉर्ज इनेस या अमेरिकन चित्रकाराचं ‘द लॅकवाना व्हॅली’ ठेवतो. 1856च्या सुमाराचं हे तैलचित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे.

पहिल्या नजरेत सगळं कसं रीतसर. डावीकडे एक उंच, डौलदार झाड. नजर चित्राबाहेर जाऊ नये म्हणून कडेला झाड उभं करायची ही रीत सतराव्या शतकात क्लोद लोरें या चित्रकारानं रुळवली. जवळच लाल जाकीट आणि गवती हॅट घातलेला एक मुलगा आपल्याकडे पाठ करून गवतात रेलला आहे. पार मागे धूसर डोंगर. मेंढपाळांच्या जुन्या काव्यांत शोभावा असा हा मुलगा बघतोय मात्र धूर सोडत येणाऱ्या आगगाडीकडे.

कारण हे चित्र मुळात जाहिरातीसाठी काढून घेतलेलं होतं. डेलावेअर, लॅकवाना अँड वेस्टर्न रेलरोड या नव्या कंपनीनं 75 डॉलर देऊन ते काढायला सांगितलं. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रॅन्टन गावची तिची गोल इंजिनशेड चित्रात ठळक यायला हवी होती. आणखी रूळ दाखवा, आणखी इंजिनं दाखवा, कंपनीची आद्याक्षरं दिसू द्या, अशा मागण्या झाल्या आणि इनेस त्यावर वैतागला, असं सांगतात. स्क्रॅन्टन हे लोखंड आणि दगडी कोळशाचं गाव. रेल्वेचे रूळही तिथेच तयार होत.

आता मुलगा आणि गाडी यांच्यामधली जमीन पाहा. ते कुरण नाही; तोडलेल्या झाडांच्या खुंटांनी भरलेलं माळरान आहे. चित्रकाराची खरी करामत इथे आहे. इंजिनाचा धूर त्यानं पांढराशुभ्र ठेवला आणि दूरच्या धुक्याच्या छटेत मिसळून टाकला, त्यामुळे कारखाना डोळ्यांना खुपत नाही. खुंट मात्र कशातच मिसळलेले नाहीत. ते एकेक करून सुटे दिसतात, तेही अगदी पुढ्यात.

यावर अभ्यासकांत दोन तट आहेत. लिओ मार्क्स यांनी 1964च्या ‘द मशीन इन द गार्डन’ या ग्रंथात यंत्र आणि निसर्ग सुखानं एकत्र नांदतात, असा या चित्राचा अर्थ लावला. इतरांना त्या खुंटांत मूक निषेध दिसला. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात. त्या काळच्या अमेरिकेत खुंट ही वस्ती वाढल्याची, प्रगतीची खूण होती; त्याच वेळी थॉमस कोलसारखा चित्रकार 1836 सालीच कुऱ्हाडीनं चालवलेल्या नासधुशीबद्दल लिहून गेला होता. म्हणजे एकाच खुंटाकडे कुणी अभिमानानं बघत होतं, तर कुणी हळहळत होतं. इनेसनं निकाल दिला नाही. गिऱ्हाइकाला हवी ती गाडी दिली आणि ती जागा मोकळी करायला काय कापलं गेलं, तेही त्याच उन्हात मांडलं. जाहिरातीच्या पैशांत इतका सचोटीचा हिशेब क्वचितच मिळतो.

कंपनीनं हे चित्र पुढे जपलं नाही. 1891 साली इनेस मेक्सिको सिटीला गेला असताना एका जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानात ते त्याच्याच नजरेस पडलं आणि त्यानं ते विकत घेतलं. राष्ट्रीय संग्रहालयात ते देणगी म्हणून पोचलं ते 1945 साली.

गॅलरीच्या संकेतस्थळावर हे चित्र फुकट, मोठं करून पाहता येतं. जरूर पाहा, पण गाडीपासून नव्हे, खालच्या कडेपासून सुरुवात करा. आणि पुढच्या वेळी एखाद्या कंपनीच्या कॅलेंडरवर हिरवंगार निसर्गचित्र दिसलं, तर आधी दोन प्रश्न विचारा: हे कुणी काढून घेतलं, आणि यातून काय वगळलं?